एफवायच्या मराठीला आधी काय: कविता की कवी?

व्हाळाकाठ (धागाकर्ता)

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. तासिकेवर, म्हणजे सीएचबी, जेवढे तास तेवढं मानधन. हजेरीपटावर नावं तेवीस, बाकांवर तेरा-चौदा, आणि पावसात त्याहून कमी, कारण साडेसहाची एसटी चुकली की पुढची साडेआठला. यातल्या बहुतेकांनी मराठी आवडीने घेतलेलं नाही. कॉमर्सला जागा उरली नाही, सायन्स झेपलं नाही, म्हणून इकडे. माझी त्याला हरकत नाही, मीही तसाच आलो होतो.

जुलैत पहिल्याच तासाला फळ्यावर आठ ओळींची एक कविता लिहिली, कवीचं नाव न घालता, आणि म्हटलं, अर्धं पान लिहा. चौदा कागद आले. चौदांवर पहिलं वाक्य थोड्याफार फरकाने एकच: "प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे अतिशय सुंदर वर्णन केले आहे." शेवटचंही एकच: "कवीची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे." दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य असे खण पाडून दिलेले असतात, ते पोरांनी इमानेइतबारे भरले. कविता न वाचताही भरता येतात ही त्या खणांची सोय. एकाला मी विचारलं, "अरे, यात पायवाट कुठे जाते?" त्याने मान वर करून पहिल्यांदा फळ्याकडे नीट बघितलं.

कविता बालकवींची 'औदुंबर'. दोघांनी ओळखली, बाकीच्यांना ती कोणाचीही चालली असती.

दुसऱ्या आठवड्यात नियम केले. 'सुंदर', 'ओघवती', 'निसर्गप्रेमी' आणि 'प्रस्तुत' हे शब्द बंद. प्रत्येकाने एकच करायचं: कुठला शब्द अडला किंवा खटकला तो सांगायचा. दहा मिनिटं सगळे वह्यांत बघत बसले. मग मागून एक आवाज आला, "सर, झाड बसता कसा?"

शेवटची ओळ आहे: "पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर." झाड उभं असतं, हे बसलंय. तो तास तिथेच संपला. पुढचा अख्खा तास 'असला' या एका शब्दावर गेला. 'बसला असला' म्हणजे बसलेला असावा बहुधा, की हा असला? एक मुलगी म्हणाली, "आई मला 'असलं कार्टं' म्हणते, तसा हा 'असला'. बोट दाखवून." वर्ग हसला, पण मला ते आजही हसण्यावारी नेता येत नाही. मग ज्याने झाड बसतं कसं विचारलं होतं तोच पुढे म्हणाला, त्यांच्या घराखालच्या व्हाळालाही (ओढ्याला) उंबर आहे आणि तिन्हीसांजेला तिकडे कोणी फिरकत नाही. आतापर्यंत सगळे हिरवळ बघत होते. त्यानंतर सगळे सहाव्या ओळीतल्या 'काळ्या डोहाकडे' बघायला लागले.

त्याच्या तिसऱ्या खर्ड्यातला मजकूर त्याला विचारून इथे देतो:

"या कवितेत सगळं कुठेतरी निघालं आहे. झरा वाहतो. पायवाट चालली आहे, तीपण सरळ नाही, अडवीतिडवी. काळिमा लाटांवर पसरतो आहे. फक्त झाड बसलं आहे. ज्याला कुठे जायचं नसतं तोच पाण्यात पाय सोडून बसतो. पायवाट ज्या डोहाकडे जाते तिथे हा आधीच जाऊन बसला आहे, म्हणून मला तो उंबर घाबरवत नाही, पण त्याच्याजवळ जावंसंपण वाटत नाही."

याला समीक्षा म्हणा की नका म्हणू. माझ्यापुरती गोष्ट एवढीच की या परिच्छेदाशी भांडता येतं. 'निसर्गाचे सुंदर वर्णन'शी भांडायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करणार? भांडता येईल असं एक वाक्य आणि त्याच्याखाली कवितेतली ती ओळ, पहिल्या वर्षाला साहित्यावर लिहायला शिकवायचं ते याहून जास्त नाही.

इकडे सप्टेंबर उजाडला आणि माझे तीन आठवडे एका कवितेत गेले. विभागातल्या ज्येष्ठांचं म्हणणं, मुलांना कवीचा जीवनपट नाही, कालखंड नाही, वाङ्मयीन प्रवाह नाही, आणि परीक्षेत प्रश्न येणार 'काव्यविशेष सोदाहरण स्पष्ट करा'. माझं म्हणणं, पहिल्या सेमिस्टरला यातलं काहीही सांगू नये. नुसतं वाचावं आणि लिहावं. बोला.

पेन्शनीतला मास्तर

महोदय, मी रत्नागिरी जिल्ह्यात एकतीस वर्षे हेच काम केले. आपली तळमळ कळते, पण आपला प्रयोग नवा नाही. इंग्रजी समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता दिल्या, मते लिहून घेतली आणि १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात ती छापली. त्यातून काय दिसले? निवडक, हुशार मुलेसुद्धा साधा वाच्यार्थ चुकवतात, स्वतःच्या आठवणी कवितेवर लादतात आणि ठरावीक विषय दिसला की ठरावीक भावना काढून दाखवतात. आपण त्यांचा प्रयोग उचललात, निष्कर्ष केंब्रिजलाच ठेवलात. आपला विद्यार्थी उंबर पाहतो आणि त्याला घराखालचा व्हाळ आठवतो. बालकवी धरणगावचे, खानदेशातले. तो झरा कोकणातला व्हाळ नव्हे.

दुसरे. 'औदुंबर' घेतलीत म्हणून आपले भागले. उद्या केशवसुतांची 'तुतारी' घ्या. कवी आपल्याच मालगुंडचा, कविता १८९३ची. "जुने जाऊ द्या मरणालागुनि, जाळुनि किंवा पुरुनि टाका." ज्याला आगरकर माहीत नाहीत, १८८८ साली 'सुधारक' का निघाला हे माहीत नाही, तो यातून काय काढणार? माझ्या एका विद्यार्थ्याने एकदा लिहिले होते की कवी घरातली अडगळ काढण्याचा संदेश देतो. मी त्याला हसलो नाही. चूक त्याची नव्हती, ज्याने त्याला कालखंड न सांगता कविता दिली त्याची होती. म्हणजे माझीच.

आपल्या परंपरेत वाचकाला 'सहृदय' म्हटले आहे. सहृदय जन्माला येत नाही, अभ्यासाने घडतो, असे संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्तांचे म्हणणे. एफवायच्या मुलाला 'तुला काय वाटते' विचारणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला खाडीत ढकलून 'कसे वाटते' विचारणे आहे.

व्हाळाकाठ

सर, अडगळीवाला मुलगा मला द्या. 'जाळुनि किंवा पुरुनि' यात त्याला अडगळ दिसली, म्हणजे त्याने वाचलं. त्याला मी विचारीन, अडगळ काढायला कोणी तुतारी फुंकतं का? मग तो स्वतःच म्हणेल, नाही, हे काहीतरी मोठं आहे, काय आहे ते? त्या क्षणी आगरकर सांगा, जन्मभर लक्षात राहतील. आधी सांगितलेत तर ती पाच गुणांची टीप होते.

चरित्राची भीती का वाटते तेही सांगतो. गेल्या वर्षी मी उलट केलं होतं. आधी सांगितलं की बालकवी १९१८ साली अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वेच्या अपघातात गेले. मग 'औदुंबर' दिली. सगळ्या वर्गाने लिहिलं, "काळा डोह म्हणजे मृत्यू. कवीला मृत्यूची चाहूल लागली होती." झाड बसलंय हे एकालाही दिसलं नाही, त्यांनी रेल्वे वाचली. रिचर्ड्सच्या मुलांनी आठवणी लादल्या म्हणता, चरित्र लादणं त्याहून बरं कसं?

आणि अभिनवगुप्त काव्याचा अभ्यास म्हणतात. कवीच्या चरित्राचा म्हणत नाहीत.

बांगडो

मास्तरांनू, माका कवितेतला काय एक कळणा नाय, पण व्हाळाचो विषय निघालो म्हणान लिवतय. आमच्या व्हाळाक पण उंबर आसा. तेच्या मुळार बसान आमी कुर्ल्यो धरू. पण दिवेलागणीक आजयेन हाक मारल्यान काय थय एक मिनिट रवाचा नाय. कित्याक, ता तिणा कधी सांगल्यान नाय. त्या झिलान लिवला ता माका पटला.

पण दुसरा एक. दशावतारात राजा येता नि भाषण ठोकता, तेच्या हातात कागद नसता, तो थयच उभो रवान रात्रभर बोलता. खरा. पण तेका पुराण पाठ आसता! सुभद्रा कोणाची बहीण ता म्हायत नसात तर तो बोलतलो काय? तेव्हा म्हाताऱ्या मास्तरांचा पण खोटा नाय.

पेन्शनीतला मास्तर

बांगडोराव, एकतीस वर्षांत मला हे इतक्या नेमके सांगता आले नव्हते.

तिसरा बाक

सगळे मोठे बोलून घ्या मग मी बोलतो. मी एसवायला आहे, मराठीच. दुसऱ्या कॉलेजात. कुठल्या ते नाही सांगत.

आम्हालापण एका मॅडमनी सांगितलं होतं स्वतःचं मत लिहा, गाईड नको. मी लिहिलं. दोन रात्री बसून लिहिलं. इंटर्नलला दहापैकी चार. माझ्या शेजारणीने गाईडातलं उतरवलं तिला आठ. मॅडम वेगळ्या आणि पेपर तपासणारे वेगळे होते म्हणे. मग मी का लिहू सांगा. आमची देवगडला आंब्याची थोडी झाडं आहेत, एप्रिलात परीक्षा आणि हापूस एकदमच येतो. दिवसभर बाबांबरोबर पेट्या भरून रात्री मत कुठून आणू.

आता तर चॅटजीपीटी आहे. मी 'औदुंबर'वर उत्तर मागितलं होतं, अर्ध्या मिनिटात आलं. भाषा एकदम चकाचक. पण खरं सांगतो, त्यात दोन ओळी कवितेतल्या म्हणून दिल्या होत्या त्या कवितेत नव्हत्याच. मला कळलं कारण कविता आठच ओळींची आहे. कादंबरी असती तर कळलं नसतं. आणि पहिलं वाक्य काय होतं सांगू? "बालकवींनी निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे."

कपाट नंबर सात

वाक्य ओळखीचं वाटलं. गाईडही हेच लिहितं, फक्त गाईडाला साठ रुपये पडतात.

मी वाचनालयात काम करते. कोकणात पुस्तकं नाहीत असं कोणी म्हणू नये. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं. माझ्याकडे मराठीची मुलं येतात ती स्पर्धा परीक्षेची पुस्तकं न्यायला. मराठी घेऊन दुसऱ्या वर्षाला आलेल्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, कादंबरी अख्खी वाचायची असते का?" तिला बारावीपर्यंत उतारेच भेटले होते, तिची काय चूक?

म्हणून माझं मत दोन्ही सरांपेक्षा वेगळं आहे. आठ ओळींवर तीन आठवडे नकोत आणि जीवनपटही नको. एक अख्खी कादंबरी द्या, चार महिने. पेंडशांची 'गारंबीचा बापू' द्या, खानोलकरांची 'कोंडुरा' द्या. ती पुरी करणं हेच पहिल्या वर्षाचं काम.

व्हाळाकाठ

ताई, 'कोंडुरा' दिली होती. चौदातल्या तिघांनी पुरी केली. बाकीच्यांनी मला कथानक सांगितलं, तेही एकमेकांना विचारून. कादंबरीवर लिहा म्हटलं की मुलं गोष्ट सांगतात, आणि गोष्ट सांगणं म्हणजे लिहिणं नव्हे हे कळायला आठ ओळीच बऱ्या. त्यात सांगण्यासारखी गोष्टच नाही, पळायला जागा नाही.

पोफळी

'कविता आधी की कवी आधी' या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट धरून चाललेत: वर्गातल्या सगळ्यांना शब्दावर सारखंच थांबता येतं.

मी रत्नागिरीजवळची. एफवायला आमच्या वर्गात उर्मिला पवारांच्या 'आयदान' या आत्मकथेतला भाग घेतला होता. सरांनी अगदी धागाकर्त्यासारखंच विचारलं, "आयदान म्हणजे काय, कोणाला माहीत आहे?" वर्गात शांतता. मला माहीत होतं, माझी आजी बांबूच्या टोपल्या, सुपं विणायची. पुढच्या बाकावरच्या एकीलाही माहीत होतं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघी गप्प बसलो. कारण त्या शब्दाचा अर्थ सांगितला असता तर आम्ही कोण ते वर्गाला कळलं असतं. शेवटी सरांनीच शब्दकोश काढला. कोशात अर्थ होता, आमची शांतता नव्हती. 'अडलेला शब्द सांगा' हा नियम छान आहे, पण कधी कधी माणूस शब्दावर अडत नाही, शब्द येतो म्हणून अडतो.

आता तुमची लाडकी ओळ. पाय टाकून जळात बसणं. कुणाला? मी कोकणातली आहे, माझ्या डोक्यात या ओळीबरोबर महाडचं चवदार तळं येतं. २० मार्च १९२७ला तिथे ओंजळभर पाणी प्यायला हजारो माणसांना जमावं लागलं, आणि नंतर ते तळं गोमूत्र-शेण घालून 'शुद्ध' केलं गेलं. 'ज्याला कुठे जायचं नसतं तोच पाण्यात पाय सोडून बसतो' असं तुमच्या विद्यार्थ्याने लिहिलं. चांगलं लिहिलं. माझ्या आजोबांच्या पिढीतल्या कोणी हे वाक्य लिहिलं नसतं. आता सांगा, हे माझं म्हणणं कवितेच्या आतलं की बाहेरचं? तुमच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये याला जागा आहे का?

व्हाळाकाठ

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण नव्हतं.

हो, जागा आहे. 'जळ' हा शब्द कवितेत आहे आणि तुम्ही त्यावर अडलात, माझ्याच नियमाने. तीन आठवडे आम्ही 'बसला'वर बसलो, 'असला'वर बसलो, 'जळात' आपोआप सोडून दिलं. चौदा जणांत कोणाला ते खटकलं असेल आणि तुमच्यासारखंच कोणी गप्प बसलं असेल, तर तो आवाज मला ऐकू आला नाही. शिकवणाऱ्याने हे लिहून टाकलेलं बरं.

फक्त एक उलटी शंका. तुमचे सर जर आधीच सांगून मोकळे झाले असते की ही दलित स्त्रीची आत्मकथा, २००३ सालची, वेदना-विद्रोह-नकार लिहून घ्या, तर तुम्हाला बोलता आलं असतं?

पोफळी

नाही. तेव्हाही गप्पच बसले असते, पण दहा गुणांची टीप मिळाली असती.

पेन्शनीतला मास्तर

पोफळीताईंचे लिहिणे वाचून मी थांबलो होतो. 'आयदान'चा प्रसंग मी विसरणार नाही. पण धागाकर्त्यांना विचारतो, महाड आपण कवितेच्या 'आत' घेतलेत, मग आगरकर बाहेर का? इतिहास येणारच असेल तर तो एका विद्यार्थिनीच्या घरातून योगायोगाने यावा आणि माझ्या व्याख्यानातून येऊ नये, हा कुठला न्याय?

आणि शिस्तीचा प्रश्न आहेच. कवी गेला १९१८ला. १९२७ त्याच्या कवितेत घालता येत नाही. असे चालू दिले तर उद्या कोणी 'तुतारी'त कोकण रेल्वेचा भोंगाही ऐकेल.

पोफळी

सर, पाण्यावरची बंदी १९२७ला सुरू झाली नाही, त्या वर्षी ती मोडली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ला आला. आधीपासून बंद होते म्हणूनच आला ना? बालकवी हयात असताना ते बंदच होते. तारखांची शिस्त हवी, मान्य. पण ती दोन्हीकडून पाळू.

पेन्शनीतला मास्तर

हे बरोबर. तारीख मी चुकीच्या टोकाने धरली.

तिसरा बाक

बघा म्हणजे मास्तरांचं बरोबर ना. बोले ठराव माहीत होता म्हणून ताई जिंकल्या. नुसतं वाचून कळलं असतं?

पोफळी

जिंकले वगैरे काही नाही रे. पण मला ओळ आधी टोचली, ठराव मी नंतर शोधला. टोचली नसती तर शोधला नसता.

हर्णैची

मधेच एक वेगळंच. मी दापोलीकडे शाळेत शिकवते. धागाकर्त्यांचा विद्यार्थी म्हणाला "झाड बसता कसा", आणि तुम्ही छापलंत ते सगळं प्रमाण मराठीत. मधे काय झालं? मुलं बोलीत बोलतात तेव्हा त्यांना सुचलेलं असतं. 'लिहा' म्हटलं की प्रमाण भाषा येते, आणि तिच्याबरोबर 'प्रस्तुत', 'अतिशय', 'मनोहारी' अशी वरात येते. मी पहिला खर्डा बोलीतच घेते. बाणकोटीत लिही, आगरीत लिही, कोळ्यांच्या बोलीत लिही. दुसऱ्यांदा लिहिताना पुस्तकी कर.

पेन्शनीतला मास्तर

याला माझा विरोध. पेपर प्रमाण भाषेत आहे, मुलाखत प्रमाण भाषेत आहे. बोलीत लिहिण्याची सवय लावून आपण त्याच मुलांचे नुकसान करतो ज्यांच्या घरी प्रमाण भाषा नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांचे काही बिघडत नाही.

व्हाळाकाठ

हर्णैताई, तुम्ही नेमकं पकडलंत. त्याचा पहिला खर्डा मालवणीतच होता, मीच दोनदा बसून प्रमाण करून घेतला. त्यात एक वाक्य गेलं, 'उंबर थय वाट बघीत बसलो हा'. कोणाची वाट बघतोय असं मी विचारलं तर म्हणाला, माहीत नाही, काढून टाकतो. आणि मी काढू दिलं. आता वाटतं, सगळ्यात चांगलं तेच होतं.

मास्तरांचा मुद्दा खोटा नाही. म्हणून तर तिसऱ्या खर्ड्यापर्यंत जायचं. पण पहिलाच खर्डा प्रमाण मागितला की मुलगा विचार न करता कपडे घालून येतो.

बांगडो

माजा लिवणा प्रमाण करून कोण देतलो? पैसे देतय.

सहलीला गेलेला

वर केशवसुतांचं नाव आलं म्हणून. आमच्या वर्गाला मालगुंडला नेलं होतं. केशवसुतांचं घर जपलंय, आवारात कविता कोरल्यात, सगळं छान. मॅडम 'झपूर्झा' वाचत होत्या आणि अर्धा वर्ग गेटबाहेर, कारण पुढे गणपतीपुळे. ग्रुपवर फोटो टाकले एकशे दहा, कवितेचा एक नाही. मी मात्र घरी आल्यावर 'झपूर्झा' काढून वाचली. कळली नाही. अजून कळलेली नाही. पण वाचतो अधूनमधून.

पेन्शनीतला मास्तर

कळली नाही तरी वाचता, हे उत्तम. माझ्यापुरते मी एवढे मागे येतो: पहिला तास कवितेचा, दुसरा माझा. संपूर्ण सेमिस्टर इतिहासाशिवाय, हे मान्य नाही आणि होणार नाही. आणि त्या विद्यार्थ्याच्या परिच्छेदात एक चूक आहे. 'सगळं कुठेतरी निघालं आहे' म्हणतो. तिसऱ्या ओळीतले चार घरांचे चिमुकले गाव कुठे निघाले आहे? त्या ओळीला क्रियापदच नाही. ते गाव टेकडीकडे नुसते आहे. म्हणजे न हलणाऱ्या गोष्टी दोन झाल्या, गाव आणि झाड, आणि पायवाट गावाकडून झाडाकडे येते. त्याला हे सांगा.

कपाट नंबर सात

सर, आठ ओळींवर तीन आठवडे कसे जातात ते आता मला कळलं.

व्हाळाकाठ

सर, सोमवारी सांगतो त्याला. तुमचं नाव न सांगता.

तिसरा बाक

एक मिनिट थांबा सगळे. 'औदुंबर' आम्हालापण आहे. शुक्रवारी इंटर्नल. 'असला' म्हणजे नक्की काय ते सांगा, बाकी भांडत बसा.

पेन्शनीतला मास्तर

'असा हा'. दर्शक विशेषण. दुसरा अर्थ ओढूनताणून आहे.

व्हाळाकाठ

'बसला असावा' ही छटा जात नाही. संध्याकाळ झाकोळलीय, नीट दिसत नाही, बघणाऱ्याची खात्री नाही.

पोफळी

दोन्ही लिही. पण प्रत्येकाखाली ओळ दे.

तिसरा बाक

दोन सरांनी दोन सांगितले. पेपर कोण तपासणार आहे तेवढं कोणाला माहीत आहे का?